विषाची पंगत

१९०२ सालच्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी शेतकी खात्याच्या तळघरात एक पंगत बसू लागली. जेवणारे बारा धडधाकट तरुण. जेवण उत्तम आणि फुकट. अट एवढीच, की बाहेरचा कण तोंडात घालायचा नाही, रोज वजन आणि नाडी तपासू द्यायची आणि अन्नात टाकणखार आहे हे ठाऊक असूनही जेवायचे. यजमान होते खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली.

वायली १८४४ साली इंडियानातल्या शेतकरी घरात जन्मले. वैद्यकी शिकले, पण रमले रसायनशास्त्रात. ते सरकारी नोकरीत आले, तेव्हा शहरातली घरे डबाबंद अन्नाकडे वळू लागली होती. लोणी, मांस टिकावे म्हणून टाकणखार, दूध नासू नये म्हणून फॉर्मॅलिन, वाटाणा हिरवागार दिसावा म्हणून मोरचूद. डब्यावर मात्र अवाक्षर नाही! एवढ्याशाने काय होते, असे कारखानदार म्हणत. वायलींना नेमके तेच पाहायचे होते.

टाकणखार लोण्यात आहे असे कळताच पोरांना लोणी नकोसे झाले. मग तो दुधात, मांसात, कॉफीत घातला, तर तेही ताटात उरू लागले. अखेर कॅप्सूल गिळायला दिल्या. हळूहळू डोकी दुखू लागली, पोटे बिघडली, अन्नावरची वासना उडाली. तुलनेसाठी साध्या जेवणाची दुसरी पंगत नव्हती, हा प्रयोगातला दोषच. शिवाय असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, ते बरेच आहे. पण वर्तमानपत्रांनी या 'विषपथका'चे नाव घरोघर नेले.

१९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांची घाण वेशीवर टांगली आणि ३० जूनला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. भेसळीचा माल जप्त करता येऊ लागला.

पण १९०८ मध्ये वायली अध्यक्षांसमोरच बोलून गेले, की मक्यात साखरेऐवजी सॅकरिन घालणे ही फसवणूक आहे आणि ते प्रकृतीला अपायकारकही आहे. अध्यक्ष स्वतःच डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज सॅकरिन घेत! लगेच वायलींचे निर्णय तपासायला तज्ज्ञांची समिती आली. तिचे प्रमुख इरा रेम्सन, ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला होता. अपायाबद्दल आजचे शास्त्र वायलींच्या बाजूने नाही. फसवणुकीबद्दल त्यांचे काय चुकले?

१९१२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि 'गुड हाऊसकीपिंग' या मासिकाची प्रयोगशाळा हाती घेतली. गृहिणींसाठी तिथे ते बाजारातला माल पारखत राहिले. १९३० च्या ३० जूनला, कायद्यावर सही झाली त्याच तारखेला, ते गेले.