नारायण मेघाजी लोखंडे : रविवार मागून घेणारा माणूस



लोणावळ्यात रविवारच्या मिस्साला येणे सगळ्यांनाच जमते असे नाही. मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टी म्हणून ज्या दिवशी इथे येतात, त्याच दिवशी आपल्यापैकी कित्येकांना हॉटेलात, चिक्कीच्या दुकानात किंवा कुणाच्या बंगल्यावर कामाला उभे राहावे लागते. सुट्टी मागितली तर कामच जाईल, ही धास्ती असते. पाहुण्यांचा हा सुट्टीचा रविवार काही आकाशातून पडलेला नाही. तो ज्यांनी मागून घेतला, ते मूळचे आपल्या मावळाला लागून असलेल्या खेड तालुक्यातले, कन्हेरसर गावचे. त्यांची हकिगत आज सांगतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका फुलमाळी कुटुंबात झाला. घरची गरिबी, शिक्षण बेताचे. पोटासाठी त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. म्हणजे तसे ते बाबू लोकांतले. साच्यावर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. पण गिरणीच्या आत बसूनच त्यांना सगळे दिसत होते.

काय दिसत होते? गिरणी उजाडताच सुरू होई आणि अंधार पडेपर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा तासांवर जाई. जेवणाची ठरलेली सुट्टी नव्हती. आठवड्याची सुट्टी नव्हती. सणावाराचे मोजके दिवस मिळत तेवढेच. १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली, पण मोठ्या माणसांच्या तासांबद्दल किंवा सुट्टीबद्दल काही म्हटले नाही.

याहून वाईट गोष्ट पगाराची होती. महिना संपल्यावर कित्येक आठवडे पगार हातात पडत नसे. त्यामुळे कामगाराचे पैसे सतत मालकाकडे अडकलेले राहत आणि त्याने न सांगता काम सोडले तर ते बुडत. उलट बाजूने असे काही बंधन नव्हते. कामावर घेणारा जॉबर आणि काढणाराही जॉबर. त्याची मर्जी फिरली की माणूस दाराबाहेर. कारण विचारायची सोय नव्हती आणि दाद मागायला जागा नव्हती. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो की दोन स्वतंत्र माणसांनी आपखुशीने मान्य केलेली गोष्ट म्हणजे करार. पण ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याची खुशी ती कसली? गिरणीतला करार हा असा होता.

लोखंडे १८७४ च्या सुमारास जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजात आले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले दीनबंधु हे साप्ताहिक त्यांनी १८८० साली हाती घेतले आणि ते मुंबईतून चालवू लागले. कामगारांची दुखणी त्यात छापून येऊ लागली.

आता १८८४ सालाकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे. मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. एकटा कामगार या आयोगापुढे काय बोलणार? दुसऱ्या दिवशी जॉबर त्याला ओळखणारच. लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. एका माणसाला काढता येते, दहांनाही काढता येते. साडेपाच हजारांना काढले तर गिरण्या चालवायच्या कुणी? नोकरी जाण्याच्या भीतीवर लोखंड्यांना सापडलेला हा उपाय होता.

अर्जातल्या मागण्या साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आले तर निर्वाहाची सोय. रविवारच का, असे कुणी विचारील. आपला तो प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. गिरणीतला घाटावरचा कामगार खंडोबाला मानणारा, आणि खंडोबाचा वारही रविवारच! त्या एका दिवसावर कुणाचेच भांडण नव्हते.

आयोगाचे काम झाले, पण पदरात काही पडले नाही. लोखंडे थकले नाहीत. पुन्हा अर्ज केले, पुन्हा सभा घेतल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. त्या काळी हजारो पुरुषांसमोर बाईने बोलणे, तेही पोटावर पाय येण्याचा धोका पत्करून! मला त्या दोघींचे धाडस लोखंड्यांपेक्षाही मोठे वाटते. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यातच आणली.

त्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, रोममध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर रेरुम नोव्हारुम हे परिपत्रक काढले. लोखंड्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरीही दोन्हीकडे रविवारच्या विश्रांतीचा आग्रह आहे, आणि गरजेपोटी पत्करलेल्या जाचक अटी म्हणजे एक प्रकारची बळजबरीच, हे पोपमहाराजांनीही स्पष्ट सांगितले.

लोखंड्यांचे सगळेच साधले असे मात्र नाही. त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती, नियम नव्हते. सारा भार एका माणसावर होता. शिवाय १८८४ च्या त्या मागण्या पाहा: जॉबरने विनाकारण कामावरून काढले तर काय, याबद्दल त्यांत काही नाही. बहुधा तेवढे मागण्याची कल्पनाही त्या काळी कुणाला करवत नसावी. त्यासाठी पुढे साठ वर्षे लागली. १९४७ साली औद्योगिक विवाद कायदा आला. कामगार कपात करताना महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे कलम १९५३ साली त्यात आले. पाठीशी युनियन नसलेला एकटा कामगारही बडतर्फीविरुद्ध दाद मागू शकतो, हे १९६५ साली आले. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, पण या दोन्ही गोष्टी तिच्यातही आहेत.

हे दूरचे वाटत असेल तर आपले तळेगाव आठवा. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातले उत्पादन थांबले आणि हजाराहून अधिक कामगारांची घरे अडचणीत आली. त्यांची संघटना न्यायालयात जाऊ शकली ती या कायद्यामुळे. एकेकट्याचे असे होत नाही. मिस्सा झाल्यावर माझ्याकडे कुणीतरी कागद घेऊन येतो. साहेबांनी सही करा म्हटले, म्हणून केली, असे सांगतो. वाचून पाहावे तर तो राजीनामा असतो. काढून टाकलेल्याला दाद मागता येते; राजीनामा दिलेल्याला, तो जबरदस्तीने घेतला हे आधी सिद्ध करावे लागते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद घरी आणा, कुणाला तरी दाखवा.

लोखंड्यांची पुढची वर्षे धावपळीचीच गेली. विधवांचे केशवपन करू नये म्हणून त्यांनी मुंबईच्या न्हावी बांधवांना एकत्र केले. १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर राणीच्या बागेत सलोख्याची सभा भरवली. १८९५ साली त्यांना रावबहादूर किताब मिळाला. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून जात होते, लोखंडे रोग्यांच्या सेवेसाठी थांबले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. वय पन्नाशीच्या आतच. त्यांच्या मागे असोसिएशनही राहिली नाही. रविवार मात्र राहिला.

वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानांत आणि हॉटेलांत आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी देणे महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तो दिवस रविवारच असेल असे नाही. ज्यांना रविवारी येता येत नाही त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला यावे. ती रविवारचीच मिस्सा आहे. आणि ज्यांना आठवड्याचा एकही दिवस मिळत नाही, त्यांनी मिस्सानंतर मला येऊन भेटावे. शक्य तर एकट्याने येऊ नये, बरोबर काम करणाऱ्यांनाही घेऊन यावे.