उपाशी बाळांचे संत व्हिन्सेंट
२७ सप्टेंबर हा संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांचा सण. त्यांच्या काळी पॅरिसमध्ये रस्त्यावर टाकलेली बाळे एका अनाथगृहात ठेवत. दूध पाजणाऱ्या बाया मोजक्याच. रडणाऱ्या बाळांना अफूचे औषध देऊन निजवत. जवळजवळ सारी दगावत, कित्येक स्नानसंस्काराविना. १६३८ साली व्हिन्सेंट व संत लुईज ह्यांनी तेथून १२ बाळे आणली, तीही चिठ्ठ्या टाकून. (मागे राहिलेल्यांचा विचार त्यांना छळला असेलच!) १६४० पासून सर्वच बाळे स्वीकारली. ती गावोगावच्या दूध पाजणाऱ्या बायांकडे ठेवत. त्यांची देखभाल पाहायला धर्मभगिनी जात. १६४७ च्या सुमारास पैसा आटला, मदत करणाऱ्या श्रीमंत स्त्रिया डगमगल्या. आता हात काढून घ्याल तर ही मुले मरतील, हे व्हिन्सेंटनी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी हात काढला नाही.