शिंप्याचा मुलगा आणि आमची चिप

प्रोजेक्टसाठी एचडी व्हिडिओ चालवणारी स्वस्त चिप शोधताना मला जोसेफ फूरिए नव्याने भेटला. तोवर तो माझ्यासाठी फक्त एम-थ्रीचे मार्क कापणारा माणूस होता!

फूरिए जन्मला 1768 साली, फ्रान्समधल्या ओसेर गावात, एका शिंप्याच्या घरी. आई-वडील लहानपणीच गेले. क्रांतीच्या धामधुमीत 1794 मध्ये तुरुंगवास, 1798 मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तची स्वारी. पुढे ग्रनोबलला सरकारी कारभार. रस्ते बांधायचे, दलदली आटवायच्या आणि उरलेल्या वेळात धातूतून उष्णता कशी पसरते ते शोधायचं! 1807 मध्ये त्याने मांडलं, की कसलाही आकार साइन-कोसाइनच्या बेरजेने लिहिता येतो. लाग्रांजसारख्या दिग्गजाला ते पटेना. निबंध छापला गेला नाही. पण गडी खचला नाही. 1822 मध्ये त्याचं पुस्तक आलंच. 1830 मध्ये तो पॅरिसला वारला.

त्याच विचारातून बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये डीसीटी मांडला. 2003 च्या एच.264 मध्ये त्याचं पूर्णांकी रूप आलं. त्याचा गाभा म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी आणि शिफ्ट. म्हणून 1920 बाय 1080 ची फ्रेम उलगडणारा डिकोडर छोट्या चिपमध्येही मावतो.

आम्ही गिगाहर्ट्झ बघून महागडा प्रोसेसर घेणार होतो. मग डेटाशीटमध्ये हार्डवेअर डिकोडर आहे का, कुठल्या प्रोफाइल आणि लेव्हलपर्यंत चालतो, हे बघितलं. स्वस्त चिप पुरली. ग्रुपचे पैसे वाचले.

थँक्यू, फूरिए! एम-थ्रीचं मात्र अजून माफ केलेलं नाही.