बघायला शिकवणारे अल्बर्स

अंतर्गत सजावटीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी सोफा, पडदे किंवा स्वयंपाकघराचा ओटा यांच्या वाटेला फारसा जात नाही. रेषा, आकार, पोत, रंग आणि अवकाश ही मूलतत्त्वे गिरवण्यातच त्याचे कित्येक महिने जातात. रंगीत कागद कापून चिकटवायचे, पुठ्ठा दुमडून उभा करायचा. ही उठाठेव कशासाठी, असा प्रश्न त्याला आणि त्याहूनही अधिक त्याच्या पालकांना पडतो. या स्वाध्यायांचे मूळ शोधत गेल्यास ज्या मोजक्या शिक्षकांपाशी आपण पोहोचतो, त्यांत जोसेफ अल्बर्स यांचे नाव अग्रभागी आहे. चौरसांच्या चित्रांमुळे जगाने त्यांना चित्रकार म्हणून ओळखले. मात्र त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ अर्धे शतक वर्गात गेले.

जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतातील बॉट्रॉप या कोळसा खाणींच्या गावी १९ मार्च १८८८ रोजी अल्बर्स यांचा जन्म झाला. वडील लोरेन्ट्स घरे रंगविण्याचे काम करीत. सुतारकाम आणि घरबांधणीतील इतर कामेही त्यांना अवगत होती. आईचे घराणे लोहारांचे. हत्यार कसे धरावे आणि लाकूड, काच वा रंग कसा वागतो, हे मुलगा घरातच शिकला. दरवाजा रंगवताना मध्यापासून आरंभ करून कडेकडे सरकावे, म्हणजे बाहीला रंग लागत नाही, ही वडिलांची शिकवण त्यांनी जन्मभर पाळली. पुढे चौरसांची चित्रे रंगवतानाही ते आतल्या चौरसापासून सुरुवात करीत.

घरच्या परिस्थितीला साजेल अशी शिक्षकाची नोकरी त्यांनी १९०८ मध्ये पत्करली आणि प्राथमिक शाळांतून मुलांना शिकवले. मधल्या काळात बर्लिनला कलाशिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि म्युनिकला चित्रकलेचे धडेही गिरवले. १९२० मध्ये वायमारच्या बाउहाउस या नव्या कलाशाळेत ते विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय ३२ होते. बरोबरीचे अनेक विद्यार्थी त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होते. हाती असलेली नोकरी सोडून पुन्हा बाकावर बसण्याचा हा निर्णय सोपा नव्हता.

तेथे त्यांना भित्तिरंगाच्या कार्यशाळेत जाण्यास सांगण्यात आले. अल्बर्स यांना ओढ होती काचेची, आणि काच विकत घेण्यास पैसे नव्हते. पाठीला पिशवी लावून आणि हातोडी घेऊन ते वायमारच्या कचराकुंड्यांवर जात, फुटक्या बाटल्या नि काचा गोळा करून आणत आणि त्यांतून प्रकाशात उजळणाऱ्या चौकटी रचत. नेमून दिलेले काम न केल्यास शाळा सोडावी लागेल, अशी तंबीही मिळाली. सत्र संपताना त्यांनी त्या काचांच्या रचना मांडल्या. त्यानंतर शाळेने त्यांना काढले तर नाहीच, उलट काचेची कार्यशाळा उभी करण्याचे काम त्यांच्याकडे दिले. वॉल्टर ग्रोपिअस यांनी बांधलेल्या बर्लिनच्या सोमरफेल्ड भवनातील रंगीत काचेची खिडकी त्यांचीच.

१९२३ मध्ये योहानेस इटेन यांनी बाउहाउस सोडले. इटेन यांनीच तेथील प्राथमिक अभ्यासक्रमाचा पाया घातला होता. विद्यार्थ्यांना साहित्याची ओळख करून देण्याचे काम ग्रोपिअस यांनी अल्बर्स यांच्यावर सोपवले. १९२५ मध्ये शाळा देसाऊला हलली. त्याच वर्षी विणकामाची विद्यार्थिनी अ‍ॅनी फ्लाइशमान हिच्याशी त्यांचा विवाह झाला. लास्लो मोहोली-नॉज यांच्या गमनानंतर १९२८ पासून हा संपूर्ण अभ्यासक्रम अल्बर्स यांच्या हाती आला.

त्यांच्या वर्गाची ख्याती ज्या प्रसंगामुळे पसरली, तो त्यांच्या एका विद्यार्थ्याने नोंदवून ठेवला आहे. पहिल्याच दिवशी अल्बर्स रद्दी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, प्रत्येकाला कागद वाटले आणि त्यातून काहीतरी घडवण्यास सांगितले. कागदाचा स्वभाव ओळखून तो वापरावा आणि शक्यतो कात्री, डिंक यांवाचून काम भागवावे, एवढीच अट होती. मग ते निघून गेले. परत आले तेव्हा वर्गात किल्ले, जहाजे, मुखवटे आणि प्राणी यांची गर्दी झाली होती. ही बालवाडीतील कामे आहेत आणि यांतील बरीचशी दुसऱ्या साहित्यातून अधिक चांगली झाली असती, असा शेरा देऊन ते एका अगदी साध्या दिसणाऱ्या कामापाशी थांबले. एका तरुण वास्तुरचनाकाराने कागदाला फक्त उभी घडी घातली होती, त्यामुळे तो घडीच्या पडद्यासारखा उभा राहिला होता. मऊ कागद घडीमुळे ताठ झाला, आपल्या सर्वांत अरुंद कडेवर उभा राहिला आणि टेबलावर पडलेला असताना त्याची जी बाजू झाकली जाते, तीही आता दिसू लागली, हे अल्बर्स यांनी समजावून दिले. कागदाचे पुढचे शिक्षण याच घडीपासून सुरू झाले.

या वर्गात आरंभी अवजारे जवळजवळ नसत. पन्हाळी पुठ्ठा, पत्रा, काड्या, काड्यापेट्या, तारेची जाळी अशा स्वस्त वस्तू हाताळून कोणती वाकते, कोणती भार पेलते, कोणती केवळ दिसायला भक्कम असते, हे स्वतः शोधायचे. कतरण उरता कामा नये, हा दंडक होता. साहित्य आणि श्रम दोहोंची काटकसर हा त्यांच्या दृष्टीने रचनेचाच भाग होता. सिद्धान्त आधी सांगून उदाहरणे मागून देण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. अनुभव आधी आला पाहिजे आणि नियम विद्यार्थ्याने त्यातून काढला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

घराच्या अंतर्भागाशी त्यांचे नाते केवळ वर्गापुरते नव्हते. १९२७ च्या सुमारास त्यांनी एकाखाली एक सरकणाऱ्या चार टेबलांचा संच केला. लाकडी चौकटी आणि रंगीत काचेचे माथे असलेली ही टेबले लहान दिवाणखान्यात जागा अडवत नाहीत आणि पाहुणे आले की चार होतात. मार्सेल ब्रॉयर यांच्यानंतर फर्निचरची कार्यशाळाही काही काळ त्यांच्याकडे होती. १९२९ ची त्यांची लाकडी खुर्ची सुटी करून खोक्यात भरता येत असे.

नाझी सत्तेच्या दडपणाखाली बाउहाउस १९३३ च्या उन्हाळ्यात बंद झाले. अ‍ॅनी ज्यू घराण्यातील असल्याने जर्मनीत राहणे धोक्याचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघे अमेरिकेस पोहोचले. नॉर्थ कॅरोलिनातील ब्लॅक माउंटन कॉलेज या नव्या संस्थेने त्यांना बोलावले होते. पंचेचाळिशी उलटलेल्या या शिक्षकाला तेव्हा इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. शब्द तोकडे पडत, तेव्हा हात, कागद आणि खडू उपयोगी येत. ज्याच्या शिकवण्याचा सारा भर बोलण्यापेक्षा दाखवण्यावर होता, त्याला ही अडचण इतरांपेक्षा कमी जाचली असावी.

येथेच त्यांच्या रंगविषयक शिक्षणाला आकार आला. रंगाच्या नळ्या आणि कुंचले बाजूला ठेवून ते रंगीत कागद वापरत. छापखान्यांतील नमुने, वेष्टनाचे कागद, भिंतीला लावायच्या कागदाचे तुकडे, कधी झाडांची वाळलेली पानेसुद्धा चालत. रंग कालवण्यात वेळ आणि साहित्य वाया जाते, शिवाय एकच छटा पुन्हा हुबेहूब साधत नाही. कागदाचे तसे नाही. स्वाध्याय वरकरणी पोरखेळ वाटावा असा असे. एकाच तपकिरी कागदाचे दोन तुकडे वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर असे ठेवायचे, की ते दोन निराळे रंग भासावेत. किंवा उलट, दोन निराळे रंग एकच दिसावेत. तासन् तास कागद हलवून पाहिल्यावर विद्यार्थ्याला उमगे, की रंग एकटा कधीच दिसत नाही. शेजारी बदलला की तोही बदलतो.

रंगाच्या दुकानातील शेड कार्डावर पसंत पडलेला फिकट पिवळा भिंतीवर चढताच हिरवट वाटू लागतो, हा अनुभव घर रंगवून घेणाऱ्या अनेकांना येतो. दोष बहुधा रंगाऱ्याचा नसतो. कार्डावरील पांढरी चौकट गेलेली असते आणि तिच्या जागी जमिनीची फरशी, सागवानी दरवाजा आणि खिडकीतून येणारा उजेड आलेला असतो. अल्बर्स यांचे कागद हेच शिकवत होते.

शिक्षक म्हणून ते सौम्य नव्हते. त्यांची शिस्त कडक आणि टीका बोचरी असे. पुढे नामवंत झालेले रॉबर्ट रॉशेनबर्ग त्यांच्या वर्गात रमले नाहीत, तरी आपल्या जडणघडणीत त्यांनी अल्बर्स यांना मोठे स्थान दिले. रूथ असावा यांच्यासारख्या विद्यार्थिनीने तारेतून विणलेल्या शिल्पांत साहित्याचा तो आदर आयुष्यभर जपला. अल्बर्स यांच्या पद्धतीची एक मर्यादाही सांगायला हवी. तिच्यात रंग आणि आकार यांना जितकी जागा होती, तितकी त्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या सवयींना नव्हती. शिवाय घोकंपट्टीविरुद्ध जन्मलेले हे स्वाध्याय, शिक्षकाने उत्तर आधीच सांगून टाकले तर, स्वतःच घोकंपट्टी होऊन बसतात.

१९५० मध्ये ते येल विद्यापीठाच्या अभिकल्प विभागाचे प्रमुख झाले आणि १९५८ मध्ये निवृत्त झाले. दरम्यान जर्मनीतील उल्म येथे निघालेल्या नव्या अभिकल्पशाळेत त्यांनी पाहुणे प्राध्यापक म्हणून शिकवले. या उल्मचा धागा पुढे मुंबईपर्यंत आला. १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत स्थापन झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या उभारणीत उल्मला शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता.

चौरसात चौरस बसवलेल्या चित्रांची मालिका अल्बर्स यांनी १९५० मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी सुरू केली आणि अखेरपर्यंत हजाराहून अधिक चित्रे केली. रंग नळीतून थेट काढून सुरीने लावायचा, आणि कोणत्या कंपनीचा कोणता रंग कुठे आहे, ते फलकाच्या मागे लिहून ठेवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. १९६३ मध्ये रंगांच्या परस्परसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. वर्गातील स्वाध्याय आणि विद्यार्थ्यांची कामेच त्याचा गाभा होती. १९७१ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरवले; हयात कलावंताचे असे एकल प्रदर्शन तेथे प्रथमच होत होते. २५ मार्च १९७६ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले.

न्यू यॉर्कच्या पॅन अ‍ॅम इमारतीच्या प्रवेशदालनासाठी १९६३ मध्ये त्यांनी लाल, पांढऱ्या आणि काळ्या फॉर्मायकाच्या पट्ट्यांची प्रचंड भित्तिरचना केली होती. रोज ये-जा करणाऱ्या हजारो नोकरदारांच्या डोक्यावरची ही भिंत या शतकाच्या आरंभी उतरवण्यात आली. मूळ फलकांत अ‍ॅस्बेस्टॉस असल्याने ते पुन्हा लावणे शक्य नव्हते. पण अल्बर्स यांनी प्रत्येक पट्टीचा तपशील लिहून ठेवला होता. त्याबरहुकूम नवे फलक बनवून ती भिंत २०१९ मध्ये त्याच दालनात पुन्हा उभी राहिली.