युरिपिडीस : अथेन्सनें ऐकलेला पण न मानलेला कवि

जो आपले गुण गातो त्याच्या गळ्यांत समाज हार घालतो, आणि जो दोष दाखवितो त्यास शिव्या देतो, हा अनुभव सर्व काळांचा व सर्व देशांचा आहे. प्राचीन ग्रीसमधील अथेन्स नगरीची थोरवी तिच्या देवळांवरून व पुतळ्यांवरून सांगण्याचा प्रघात आहे. आम्ही ती आज एका कवीच्या चरित्रावरून सांगणार आहों. आणि त्या थोरवीस मर्यादा कोठें पडली, हेंही त्याच चरित्रावरून दाखविणार आहों.

युरिपिडीसाचा जन्म इ. स. पू. ४८० च्या सुमारास झाला. त्याच वर्षीं सलामिस बेटाजवळ ग्रीकांनीं इराणी बादशहाच्या आरमाराचा धुव्वा उडविला. कवि जन्मला तो नेमका त्या विजयाच्या दिवशीं, अशी आख्यायिका पुढें लोकांनीं रचली. ती शब्दशः खरी धरण्याचें कारण नाहीं. त्याची आई भाजी विकीत असे, अशी थट्टा विनोदी नाटककार करीत. परंतु त्याच्या ग्रंथांवरून पाहतां उत्तम शिक्षण मिळण्याजोगें त्याचें घर असावें, यांत शंका नाहीं. सूर्य हा देव नसून तापलेला गोळा आहे, असें सांगणारा ॲनाक्सागोरस त्या काळीं अथेन्समध्यें राहत होता. अशा नव्या विचारांची छाप या कवीवर पडली. राजकारणांत तो विशेष मिसळला नाहीं. सलामिसवरील एका गुहेंत, समुद्राकडे तोंड करून तो नाटकें लिहीत बसे, असें प्राचीन चरित्रकार सांगतात.

अथेन्समधील नाटक हें डायोनायसस देवाच्या वसंतोत्सवाचें अंग होतें. नगरीच्या अधिकाऱ्यानें तीन कवि निवडावे. प्रत्येकाच्या गायकवृंदाचा खर्च एकेका श्रीमंत नागरिकानें सोसावा. प्रत्येक कवीनें तीन शोकपर्यवसायी नाटकें व एक हलकें नाटक करून दाखवावें. आणि ॲक्रॉपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर जमलेल्या हजारों लोकांसमोर प्रयोग झाल्यावर परीक्षकांनीं क्रम लावावा, अशी रीत होती. युरिपिडीस इ. स. पू. ४५५ मध्यें या स्पर्धेंत प्रथम उतरला, तो तिसरा, म्हणजे शेवटचा आला. पहिलें बक्षीस मिळण्यास इ. स. पू. ४४१ साल उजाडावें लागलें. त्याचा प्रतिस्पर्धी सोफोक्लीस या उत्सवांत अठरा वेळां पहिला आला; युरिपिडीसास हयातींत तो मान अवघा चार वेळां लाभला.

याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. जुन्या कथांतील वीर त्यानें सामान्य माणसांप्रमाणें भितांना, खोटें बोलतांना व रडतांना दाखविले. त्याच्या इलेक्ट्रा नाटकांत राजकन्येचा मान राखणारा सज्जन कोण, तर गरीब शेतकरी. इ. स. पू. ४३१ मध्यें त्यानें मेडियेची कथा रंगभूमीवर आणली. जेसनसाठीं बापाचें घर व स्वदेश सोडून आलेल्या या परदेशी स्त्रीस तो टाकतो आणि कॉरिंथच्या राजकन्येशीं लग्न करतो. आईबाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मुलास नागरिकत्व मिळेल, असा कायदा पेरिक्लीसनें वीस वर्षांपूर्वींच करून घेतला होता. तेव्हां परक्या बायकोचा प्रश्न प्रेक्षकांस कांहीं पुराणांतला वाटला नसेल. हुंडा मोजून परस्वाधीन व्हावयाचें, अनोळखी घरीं नांदावयाचें, आणि पति वाईट निघाला तरी सुटका नाहीं, ही स्त्रीजातीची कहाणी मेडिया भर सभेंत मांडते. पुढें सूडापायीं ती पोटच्या मुलांस मारते. कवि तिच्या पापावर पांघरूण घालीत नाहीं. तें पाप कोणत्या अन्यायांतून उपजलें, एवढें तो दाखवितो. परीक्षकांनीं त्यास तिसरा क्रमांक दिला. नवल असें कीं, विनोदी नाटककार ॲरिस्टोफनीस यानें इ. स. पू. ४११ मध्यें याच कवीस स्त्रीनिंदक ठरवून स्त्रियांच्या सभेपुढें आरोपी म्हणून उभें केलें.

याहूनही धाडसाचें काम त्यानें इ. स. पू. ४१५ मध्यें केलें. आदल्या वर्षीं अथेन्सनें मेलॉस बेटाला वेढा घातला होता. तें शरण आल्यावर तेथील प्रौढ पुरुषांची कत्तल झाली व बायकामुलें गुलाम म्हणून विकण्यांत आलीं. पुढच्याच वसंतांत युरिपिडीसानें ट्रॉयच्या बंदिवान स्त्रियांचें नाटक केलें. त्यांत जेते ग्रीक आहेत. पण प्रेक्षकांचे डोळे लागतात ते तटावरून फेकून दिलेल्या बालकाकडे आणि त्याच्या आजीकडे. मेलॉसचें नांव नाटकांत नाहीं. तें उच्चारण्याची गरजही नव्हती. अथेन्सनें तें पाहिलें व दुसरें बक्षीसही दिलें. त्याच उन्हाळ्यांत तिचें आरमार सिसिली जिंकण्यास निघालें.

इ. स. पू. ४१३ मध्यें त्या सैन्याचा सिराक्यूजजवळ संपूर्ण नाश झाला आणि उरलेले कैदी दगडांच्या खाणींत डांबले गेले. प्लुटार्क सांगतो कीं, युरिपिडीसाचीं पद्यें म्हणून दाखविणाऱ्या कित्येकांस शत्रूनें मुक्त केलें, आणि घरीं परतल्यावर ते कवीचे आभार मानावयास गेले. उतारवयांत कवीनें अथेन्स सोडली व तो मॅसिडोनियाच्या आर्किलेअस राजाच्या आश्रयास गेला. तेथेंच इ. स. पू. ४०६ मध्यें त्याचा अंत झाला. वार्ता येतांच वृद्ध सोफोक्लीसनें स्वतः शोकवस्त्रें नेसून आपल्या गायकवृंदास पुष्पमालांवांचून लोकांसमोर आणलें. युरिपिडीसाच्या मागें राहिलेलीं नाटकें रंगभूमीवर आलीं, तेव्हां त्यांस पहिलें बक्षीस मिळालें.

त्यानें सुमारें नव्वद नाटकें लिहिलीं. त्यांपैकीं त्याच्या नांवावर आज एकोणीस उपलब्ध आहेत. त्यांतील एकाविषयीं वाद आहे. एस्किलस व सोफोक्लीस या दोघांचीं मिळून चौदाच उरलीं आहेत. परीक्षकांनीं लावलेला क्रम काळानें असा फिरविला.

या चरित्राचें तात्पर्य काय? बक्षीस न देणाऱ्या अथेन्सनें या कवीस रंगभूमी मात्र कधीं नाकारली नाहीं. सार्वजनिक उत्सवांत, ऐन युद्धांत, आपल्याच पातकाचें चित्र तिनें बसून पाहिलें. हें औदार्य थोर खरें. पण तें पाहण्यापाशींच थांबलें. मेडियेचें गाऱ्हाणें ऐकून एकही कायदा बदलला नाहीं, आणि ट्रॉयच्या स्त्रियांसाठीं रडून एकही जहाज मागें फिरलें नाहीं. इ. स. पू. ४०४ मध्यें अथेन्स शरण गेली, तेव्हां ती जमीनदोस्त करावी असा घाट विजयी पक्षांत घातला जात होता; भोजनप्रसंगीं कोणी इलेक्ट्रा नाटकांतील गीत गाइलें आणि सेनापतींचीं मनें द्रवलीं, असें प्लुटार्कच लिहितो. पुढें पांचच वर्षांनीं पराभवानें चिडलेल्या त्या नगरीनें सॉक्रेटिसास विषाचा पेला दिला. म्हणजे ऐकून घेण्याचा गुणही ती गमावून बसली. दोष दाखविणाऱ्यास बोलूं देणें ही सुधारणेची पहिली पायरी होय. परंतु जो समाज त्या पायरीवरच उभा राहून टाळ्या वाजवितो, त्याची ती पायरीही फार काळ टिकत नाहीं.