रावबहादूर सीताराम केशव बोले

महाडची कथा आमच्या वसतिगृहात दरवर्षी सांगितली जाते. बोल्यांचे नाव मात्र क्वचितच निघते. म्हणून हे पान त्यांना.

भंडारी समाजात जन्मलेले बोले गिरणी कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभेत झटले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हाच्या अभिनंदन-सभेचे अध्यक्ष तेच होते. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. केवढा हा योग!

पुढे बोले मुंबई कायदे कौन्सिलात गेले. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, हा त्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. सवर्णांच्या विरोधापुढे तो निर्णय कागदावरच राहिला. बोले स्वस्थ बसले नाहीत. १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला : पहिल्याची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे सरकारी अनुदान रोखावे. शब्दांना पैशाची जोड हवी, हे त्या अनुभवी सभासदाने ओळखले होते, असे आम्हांस वाटते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा बोले ठरावाने मान्य केलेलाच हक्क ते बजावत होते.