शहाजीराजे भोसले
शहाजीराजे भोसले (मृत्यू: २३ जानेवारी १६६४) हे दख्खनमधील मराठा सरदार व छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील होते. त्यांच्या घराण्याकडे वेरूळची पाटीलकी होती. १६२४ मधील भातवडीच्या लढाईत ते मलिक अंबरच्या बाजूने मोगल व आदिलशाही फौजांविरुद्ध लढले. तीत त्यांचे बंधू शरीफजी मारले गेले.

१६२९ मध्ये निजामशाही दरबारात सासरे लखुजी जाधव यांची हत्या झाल्यावर शहाजीराजे मोगलांकडे गेले. मात्र त्यांना दिलेला मुलूख शाहजहानने फत्तेखानास दिल्याने १६३२ मध्ये त्यांनी मोगलांची चाकरी सोडली. १६३३ मध्ये वेरूळनजीकचा दौलताबादचा किल्ला मोगलांनी जिंकला. तेव्हा शहाजीराजांनी पेमगिरी येथे निजामशाही वंशातील मुर्तझा या मुलास गादीवर बसवले आणि डोंगरी किल्ल्यांच्या आधारे युद्ध चालू ठेवले.

मोगलांशी लढावे की तह करावा, यावरून विजापूर दरबारात दोन तट होते. मुरार जगदेव शहाजीराजांचे पाठीराखे होते, तर मुस्तफाखान तहाच्या बाजूस होता. १६३५ मध्ये मुरार जगदेव मारले गेले. १६३६ मध्ये शाहजहान स्वतः दख्खनेत आल्यावर आदिलशहाने तह करून निजामशाहीचा मुलूख मोगलांबरोबर वाटून घेतला. माहुली किल्ल्यात कोंडल्या गेलेल्या शहाजीराजांना मुर्तझास मोगलांच्या स्वाधीन करावे लागले.

सासऱ्यांचा जीव घेणाऱ्या राज्यासाठी त्यांनी दिलेला हा लढा निष्ठेचा, महत्त्वाकांक्षेचा की मोगल विस्तार रोखण्याच्या धोरणाचा, याविषयी मतभेद आहेत. पुढे आदिलशाहीच्या वतीने त्यांनी कर्नाटकात कारभार केला. होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला.